‘येतो’ म्हणणारी टीम

७ फेब्रुवारी

आज पुन्हा हरलो. शंभरच्या वर गुण केले आणि तरी हरलो, म्हणजे खोट कुठे आहे ते सांगायला नको. गुण करायचा ऑफेन्स मुख्य कोचचा, म्हणजे हेडसरांचा, समोरच्याला अडवायचा डिफेन्स माझा. मला या बास्केटबॉल टीमवर घेतलंय तेच मुळी डिफेन्स शिकवायला. बसमध्ये हेडसर माझ्या शेजारी बसले आणि वाटभर चकार शब्द बोलले नाहीत. उतरताना तेवढं म्हणाले, ‘‘तुमच्या मुलांना जीभ आहे ना हो?’’ जिंकलो की मुलं त्यांची असतात.

फिजिओ म्हणते, रोज चार ओळी लिहून काढा, डोकं हलकं होतं. म्हणून हा उद्योग. डोक्याचं बघू, निदान गुडघ्यांना विश्रांती.

टीम तरुण आहे हे वाक्य मी इतक्या वार्ताहरांना ऐकवलंय की हल्ली ते तोंडातून जांभईसारखं निघतं. पण खोटं नाही. पाचातल्या चौघांना अजून रोज दाढी करावी लागत नाही. जी टीम तळाला राहील ती पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर, आणि तळाला सध्या आम्हीच बसलोय, ऐसपैस.

१० फेब्रुवारी

सकाळी सराव. आमचा ऑफेन्स खरंच बघत बसावा असा आहे. हेडसरांची शिकवण एकच, बॉल हातात राहता कामा नये. रिंगखालची जागा मुद्दाम मोकळी सोडून पाचही जण बाहेर पसरतात. मग भिंगरी बॉल घेऊन आत घुसतो. भिंगरी म्हणजे टीमचा खेळ चालवणारा पोरगा, एका जागी उभा राहिला तर आजारी पडेल. त्याला अडवायला समोरचे दोघे-तिघे आत गोळा झाले की हा न बघताच कोपऱ्यात पास फेकतो. तिथे आमचा माणूस मोकळा उभा. तीन गुण. कुणी कुणाला हाक मारत नाही, सगळं नजरेनं.

आणि हीच मुलं डिफेन्सला वळली की एकमेकांची ओळखदेख नसल्यासारखी वागतात. भिंगरीला चुकवून समोरचा आत आला की त्याला अडवायला रिंगखालून उंट पुढे होतो. उंट आमचा सेंटर, रिंगखालची जागा राखणारा. दारातून वाकून येतो, आणि बोलतो इतकं हळू की ऐकायला चवड्यांवर उभं राहावं लागतं. उंट पुढे झाला म्हणजे त्याचा स्वतःचा माणूस रिंगखाली मोकळा. त्याला धरायला कोपऱ्यातल्याने आत यायचं, आणि कोपरा भरायला शेजारच्याने सरकायचं. एकाने जागा सोडली की मागच्याने ती भरायची, डिफेन्स म्हणजे एवढंच. आमच्यात पहिला जागा सोडतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. ज्या कोपऱ्यावर आम्ही ऑफेन्सला जेवतो त्याच कोपऱ्यात डिफेन्सला उपाशी मरतो.

दुपारी ताईचा फोन. आई पडल्यापासून ताईकडेच असते. हाड जुळलं, पण कॉटवरून वॉकरपर्यंत यायलाही तिला कुणीतरी धरावं लागतं. ताई शाळेत गणित शिकवते, तेवढा वेळ शेजारीण येऊन बसते.

‘‘मार्चच्या पंधराला ये आणि आठवडाभर राहा,’’ ताई म्हणाली. ‘‘आईजवळ घरचं कुणीतरी हवं.’’

‘‘आणि तू कुठे निघालीस? सहलीला?’’

‘‘तसंच समज.’’

तेवढ्यात आतून आईची हाक आली, ‘‘आहेस का गं?’’ आणि ताई ओरडली, थेट माझ्या कानात, ‘‘आहे!’’ दिवसभर हे चालतं म्हणे. आईला हवं काहीच नसतं, नुसती खात्री करून घ्यायची असते.

मी म्हटलं, ‘‘येतो.’’ जाऊ दे तिला कुठे जायचं ते. कित्येक वर्षांत घराबाहेर पडलेली नाही बिचारी.

१३ फेब्रुवारी

मुलांना बोलतं करायचं ठरवलं. भाषणं देऊन उपयोग नाही, तेव्हा एकच शब्द दिला. आपला माणूस सोडून जो दुसऱ्याच्या मदतीला निघेल त्याने मोठ्याने ‘येतो!’ म्हणायचं. पुढच्याला कळेल मदत येतेय, मागच्यांना कळेल एक जागा रिकामी झाली. सरावभर ‘येतो, येतो’ असा कल्ला की हॉलच्या वॉचमनने येऊन विचारलं, एवढे पाहुणे कोण येणारेत.

उंटाचे ओठ हलतात. आवाज अजून आतच आहे.

१६ फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते.

शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा गडी भिंगरीच्या अंगावर चालून आला, उंट मदतीला पुढे झाला, इथवर सगळं शिकवल्याप्रमाणे. मग उंटाला दिसलं की मागे आपला माणूस मोकळा राहिलाय. म्हणून तो परत फिरला. आणि फिरताना जन्मात पहिल्यांदा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, ‘‘येतो!’’ भिंगरीला वाटलं, मदत पाठीशी आली. त्याने बिनधास्त बॉलवर झडप घातली, ती चुकली, आणि तो गडी रिकाम्या रस्त्याने फिरायला निघाल्यासारखा गेला आणि बॉल रिंगमध्ये टाकून आला.

कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी रडकुंडीला आलेला. ‘‘तू परत चालला होतास ना? मग ‘येतो’ काय म्हणालास?’’

‘‘निघालो म्हणून,’’ उंट म्हणाला. ‘‘निघताना माणूस काय म्हणतो? येतो म्हणतो.’’

‘‘अरे, ‘जातो’ म्हणायचं!’’

‘‘‘जातो’ कसं म्हणायचं? घरी चुकून म्हटलं तर आई परत बोलावते आणि नीट म्हणायला लावते.’’

हसावं की रडावं कळेना. हेडसर दार आपटून बाहेर गेले. पण त्या पोराचं चुकलं काय? येणारा ‘येतो’ म्हणतो आणि निघालेलाही ‘येतो’च म्हणतो. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. डोक्याचे केस या खेळात पांढरे केले आणि आपल्याच बोलण्याकडे कधी कान दिला नाही.

१९ फेब्रुवारी

ताईला मुद्दाम फोन करून ही गंमत सांगितली. पोट धरून हसली. मग म्हणाली, ‘‘तुझं ‘येतो’ मला तरी अजून कुठे कळलंय? ते यायचं असतं का निघायचं?’’ मास्तरणींना टोमणा मारल्याशिवाय अन्न पचत नाही. मधेच आईची हाक आणि ताईचं ‘‘आहे!’’ झालंच. काय बोलत होतो ते मी विसरलो.

फोन ठेवला आणि शब्द सापडला. कसा सुचला देव जाणे. असे शब्द विचार करून सुचत नाहीत, एवढं खरं.

‘येतो’ बंद. जागा सोडणाऱ्याने तोंडही उघडायचं नाही, त्याला धावायचं आहे. बोलायचं ते मागच्याने, आणि तेसुद्धा जागा भरल्यावर. म्हणायचं, ‘आहे!’ बस. ‘येतो’ म्हणजे पुढचं काहीतरी. ‘आहे’ म्हणजे आत्ता, इथे, उभा आहे. हेडसरांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘हे बरंय. कुठून आणलंत?’’ मी म्हटलं, ‘‘अनुभव.’’

२३ फेब्रुवारी

जिंकलो! थकलोय, पण जिंकलोय म्हणून हे थकणं जरा परवडतं.

आधी एकाने ‘आहे’ म्हटलं, मग दुसऱ्याने, दुसऱ्या अर्ध्यात तर तीन वेगवेगळे ‘आहे’ तीन बाजूंनी ऐकू आले. समोरच्यांनी कोपऱ्यात पास टाकला की तिथे आमचा कुणीतरी आधीच उभा. जरा उशिराच पोचायचा, पण पोचायचा. भिंगरी म्हणतो, पाठीमागून ‘आहे’ ऐकू आलं की पाय हलके होतात, पुढचा चुकवून गेला तरी भीती वाटत नाही. एवढं शहाणपण मी त्याला शिकवलेलं नाही.

संध्याकाळी ताईने विचारलं, ‘‘तुझा रक्तगट कुठला रे?’’ सांगितला. ‘‘माझाच की,’’ म्हणाली. मी म्हटलं, आता या वयात कळलं होय आपण सख्खे आहोत ते! शाळेत कसलंसं रक्तदानाचं चाललं असेल. मग ती आईच्या गोळ्या सांगायला लागली, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली दुधातून द्यायची. मी हूं हूं करत पुढच्या टीमचा ऑफेन्स कागदावर मांडत होतो. पंधराला गेलो की समोरच सांगेल पुन्हा.

२ मार्च

पंचाईत झाली. हॉल मिळत नाही म्हणून आमची शेवटची मॅच पुढे ढकलली, पंधराच्या संध्याकाळी. ताईला सांगायचं जिवावर आलं होतं. म्हटलं, ‘‘सोळाला पहाटेच निघतो, दुपारपर्यंत पोचतो.’’

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

‘‘सोळाचा उपयोग नाही रे,’’ म्हणाली. ‘‘दुसरी तारीख मिळणार नाही मला. बरं, असू दे. मी बघते काहीतरी. तू तुझी मॅच खेळ.’’

असली कसली सहल जिची तारीख बदलत नाही! पण ताईचं हे एक बरं असतं, समजून घेते. दुसरी कुणी असती तर महिनाभर अबोला धरला असता. जाता जाता सांगितलं, केस कापले म्हणून, पार मानेपर्यंत. एवढ्या लांबसडक केसांचा तिला केवढा अभिमान! मी म्हटलं, म्हातारपणी ही काय फॅशन? तर म्हणाली, ‘‘आपण आधीच कापलेले बरे.’’ आपण आधीच म्हणजे काय, विचारणार होतो, पण हेडसरांचा फोन मधे आला.

६ मार्च

हरलो. उंटाचा घोटा मुरगळला. बसमधल्या थर्मासचं गरम पाणी संपलं, चहाही नाही. आज एवढंच.

९ मार्च

उंट बरा आहे, आणि आता बोलायला लागलाय. पुरे म्हणायची वेळ आलीय. सराव संपल्यावर माझ्याशेजारी बेंचवर येऊन बसला.

‘‘सर, भिंगरीला मदत करायला मी पुढे गेलो आणि मागे कुणी ‘आहे’ म्हणालंच नाही तर?’’

‘‘तरी तू जायचंस.’’

‘‘मग मागे?’’

‘‘ती मागच्याची चूक.’’

‘‘पण माझा माणूस मोकळाच राहतो ना सर. चूक कुणाची का असेना.’’ घोट्याची पट्टी सोडायला लागला. ‘‘मला वाटतं, पुढे जाणाऱ्याला आधीच माहीत असतं, मागे कोण आहे का नाही ते. नसलं तर तो अर्धाच जातो.’’

मी म्हटलं, जा अंघोळ कर. तत्त्वज्ञ सेंटर आम्हाला परवडणारा नाही. पण गाडीवर घरी येईपर्यंत ते ‘अर्धाच जातो’ डोक्यातून निघेना. पुढच्या सरावात हेच घ्यायला हवं. पुढे जायचं तर पुरतं जायचं.

१२ मार्च

जिंकलो, नाकी नऊ आले पण जिंकलो. आता सरळ हिशेब आहे. पंधराला जिंकलो तर लीगमध्ये, हरलो तर बाहेर. हेडसरांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘डिफेन्सने तारलं,’’ म्हणाले, तेही वार्ताहरांच्या देखत. आज ताईला फोन करायचा राहिला.

१३ मार्च

बसमध्ये लिहितोय, अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी सराव चालू असताना फोन वाजला. ताईच्या घरचा नंबर, पण बोलत होती आई. आई स्वतः कधी फोन लावत नाही. शेजारणीने लावून दिला होता.

‘‘ताई शाळेत गेलीय तोवर बोलते,’’ आई म्हणाली. ‘‘तुला सांगू नको म्हणाली होती. मॅच आहे तुझी.’’

‘‘काय सांगू नको?’’

‘‘गाठ आहे तिला. परवा काढणारेत. डॉक्टर म्हणाले, चांगली नाही.’’

मी कोर्टाच्या रेषेवरच खाली बसलो.

‘‘मला सोसायटीतल्या बाईंकडे ठेवून एकटी जाणार आहे,’’ आई म्हणाली. ‘‘मी म्हटलं, त्याला बोलाव. तर म्हणते, तो येतो म्हणालाय ना, येईल. मग काल म्हणाली, नाही येणार. तू येतोयस का नाही, मला एकदाच सांग. माझ्यासाठी नको रे. मला कुठेही टाका.’’

रक्तगट. गोळ्या. केस. ‘दुसरी तारीख मिळणार नाही.’ सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं तिने आणि मी बॉलकडे बघत बसलो होतो. मुलांना रोज घसा कोरडा करून सांगतो, नुसत्या बॉलकडे बघू नका. स्वतःचाच राग आला, आणि तिचाही आला. सरळ सांगायला काय झालं होतं? पण सरळ सांगायला तिने फोन केला तेव्हा मी काय करत होतो ते आठवलं आणि तिच्यावरचा राग तिथेच ओसरला.

हेडसरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘आणि परवा डिफेन्सला कोण ओरडणार बेंचवरून?’’

‘‘बेंचवरचं त्यांना ऐकू येत नाही सर. आतले आतच बोलतील.’’

‘‘कोण? तो उंट?’’

‘‘तोच.’’

‘‘जा तुम्ही,’’ हेडसर म्हणाले. ‘‘बहिणीचं काम आहे, मी कोण नाही म्हणणार. पण हरलो तर वर काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. तुमचं नावच निघेल.’’ त्यांचं चुकलं नाही. निघेलच.

उंटाला बाजूला घेऊन सांगितलं की परवा सगळ्यांच्या मागे तूच. त्याचा चेहरा पडला. विचारलं, ‘‘सर, तुम्ही येताय का जाताय?’’

‘‘जातोय.’’

‘‘मग ‘येतो’ म्हणा ना सर,’’ अगदी गंभीरपणे म्हणाला. मी म्हटलं, आणि बॅग उचलली.

१४ मार्च

पोचलो. दार ताईनेच उघडलं. मानेवर कापलेले केस, गळ्याची हाडं वर आलेली. मला बघून आधी भडकलीच, ‘‘मॅच सोडून आलास? आईने लावला ना फोन? तरी तिला बजावलं होतं!’’ मग वळून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सगळी आधीच घासलेली होती.

संध्याकाळी गोळ्या पहिल्यापासून पुन्हा सांगितल्या. या वेळी मी तिला दोनदा म्हणून दाखवल्या. ‘‘नापास नाही,’’ ताई म्हणाली, ‘‘पण काठावर.’’

आईला वॉकरपर्यंत न्यायचं मला जमेना. ताईने दाखवलं, कमरेला हात घालायचा, ओढायचं नाही, आपण तिच्या आधी अर्धं पाऊल सरकायचं. माझ्याच शिकवण्यातलं पाऊल. मला जन्मभर कोर्टाबाहेर कधी लागलं नव्हतं.

१५ मार्च

सकाळी हॉस्पिटल, आईजवळ सोसायटीतल्या बाई. हिरवा गाऊन घालून ताई स्ट्रेचरवर पडली होती, चष्मा काढून माझ्या हातात दिला होता. चष्म्याशिवाय तिला माझा चेहराही नीट दिसत नसणार. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं तेव्हा तिने हात वर केला आणि म्हणाली, ‘‘येते रे.’’

इतक्या वर्षांत किती हजार वेळा हा शब्द ऐकला, किती वेळा म्हटला. तो एवढा जड असतो हे माहीत नव्हतं. मला म्हणायचं होतं, ये, मी आहे इथे. तोवर दार मिटलं होतं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली. कुठे पसरलंय का ते तपासणीनंतर कळेल, पुढे औषधं बरेच महिने चालतील, घरात कुणीतरी कायम हवं. मी ‘हो’ म्हटलं. ताईला शुद्ध आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, ‘‘मॅच कितीला?’’ तिच्याजवळ आता तिच्या शाळेतल्या बाई बसल्यात. आईसाठी मी घरी आलो.

मॅच मोबाइलवर पाहिली, आईच्या कॉटच्या कडेला बसून. चित्र सारखं अडकत होतं पण आवाज येत होता. आणि आवाज कसला! उंटाचा! ‘‘आहे! आहे! डावीकडे आहे!’’ समालोचकाच्याही वर. आई म्हणाली, ‘‘हा कोण एवढा ओरडतोय? काय हवंय त्याला?’’ मी म्हटलं, काही नको, खात्री करून देतोय. एकदा भिंगरी चुकला, उंट पुढे झाला, पुरता झाला, अर्धा नाही, आणि त्याच्या मागची जागा भरली, तिच्या मागची भरली, कोपराही भरला. समोरच्याला पास द्यायला माणूसच उरला नाही. बॉल हातात घेऊन तसाच उभा राहिला तो. माझे डोळे भरून आले. हे मी त्यांना शिकवलं होतं आणि मी तिथे नव्हतो.

एका गुणाने हरलो. डिफेन्स शेवटपर्यंत टिकला. शेवटचा बॉल आमचा होता, भिंगरी घुसला, कोपऱ्यात पास, आमचा माणूस मोकळा, वर्षभर डोळे मिटून टाकलेला थ्रो. रिंगवर दोनदा उडून बाहेर पडला. हेडसर हात डोक्यावर ठेवून उभे दिसले आणि चित्र अडकलं ते तसंच राहिलं.

टीम गेली. माझी नोकरीही गेल्यात जमा. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण ते वाटून घ्यायला अंगात त्राण नाही. उंटाला फोन करायला हवा. उद्या ताईला सूप न्यायचंय, शाळेत तिची रजा सांगायचीय, आईची दुधातली गोळी आत्ता द्यायचीय.

एवढं लिहिलं आणि आतून हाक आली. आई झोपेतून उठली असणार, सवयीने, ‘‘आहेस का गं?’’

उठलो, आणि तिला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने म्हटलं, ‘‘आहे!’’